गावच्या शाळेत हातकामाचं उन्हाळी शिबिर: पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

माझं गाव सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. गेले पाच उन्हाळे मी आणि गावातले तिघे-चौघे मिळून जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी बारा दिवसांचं शिबिर घेतो. मुलं इथे वस्तू करतात, मोजतात, बिघडलेल्या वस्तू खोलून बघतात. दरवर्षी आसपासच्या गावांतून कुणी ना कुणी विचारतं, आम्हालाही सुरू करायचंय, काय काय लागतं? फोनवर तासभर सांगते, तरी निम्मं राहूनच जातं. म्हणून सगळं एकदा लिहून काढते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पहिल्या वर्षी आम्ही सामान गटागटाला दिलं, पाच जणांत एक संच. दोन धीट मुलं करायची, उरलेली तीन बघत बसायची. एक मुलगी चौथ्या दिवसापासून यायचीच बंद झाली. घरी जाऊन विचारलं तर तिची आई म्हणाली, "ती म्हणतीय, मला तिथं काय करायलाच मिळत नाय." तेव्हापासून ठरवलं, प्रत्येक मुलाच्या हातात त्याचं स्वतःचं सामान द्यायचं आणि केलेली वस्तू त्याने घरी न्यायची. मुलं किती घ्यायची, खर्च किती येईल, दिवसाला किती गोष्टी घ्यायच्या, हे सगळं यावरूनच ठरतं.

१. आधी आकडा ठरवा

पंचवीस मुलं. पहिलं वर्ष असेल तर वीसच घ्या. आठ मुलांमागे एक मोठं माणूस लागतं, कारण ब्लेड, करवत, हातोडी हातात असते. गावात कुणाला नाही म्हणणं जड जातं, मला ठाऊक आहे. आम्ही पहिल्या वर्षी साठ मुलं घेतली आणि कुणाकडेच धड लक्ष देता आलं नाही. जास्त नावं आली तर सहा-सहा दिवसांच्या दोन तुकड्या करा, पण एका खोलीत कोंबू नका.

"धाकट्यालाही बसू द्या की ताई, गप बसतो तो," असं हमखास ऐकायला मिळतं. बसू देऊ नका. दुसरीतलं पोर शिबिरात आलं की एक मोठं माणूस दिवसभर त्याच्यामागेच गुंततं.

तीन-चार जागा मात्र राखून ठेवा. मुंबई-पुण्याची नातवंडं मेमध्ये आजोळी येतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आजी त्यांना हाताला धरून शाळेत आणून सोडते. आणखी एक महत्त्वाचं म्हणजे ऊसतोडीला गेलेली कुटुंबं मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. त्या घरांतल्या मुलांची शाळा आधीच बुडालेली असते, आणि फळ्यावर लावलेली सूचना त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्यांच्या दारात स्वतः जा. आमच्याकडे हाताने सगळ्यात चपळ काम करणारी मुलं याच घरांतून आली आहेत.

२. तारीख आणि वेळ

१ मे ला निकाल लागला की मुलं मामाच्या गावाला पांगतात. म्हणून आम्ही २ मे च्या आसपास लगेच सुरू करतो आणि नावं एप्रिलमध्येच, शाळा चालू असताना, घेऊन ठेवतो. तारीख ठरवण्याआधी तीन गोष्टी पाहा: गावची यात्रा, मोठ्या लग्नतिथी आणि नळाला पाणी यायची वेळ. तिसरी गोष्ट कुणाच्या डोक्यात येत नाही. ज्या वेळेला पाणी येतं, त्या वेळेला मोठ्या मुली घरीच थांबतात.

वेळ सकाळी साडेसात ते साडेदहा. अकराच्या आत प्रत्येक मूल घरी पोचलं पाहिजे. विदर्भात असाल तर साडेसहाला सुरू करा, किंवा सरळ जूनच्या मध्यावर घ्या. तिकडच्या शाळा तशाही आमच्यापेक्षा उशिरा उघडतात.

३. परवानगी आणि कागदपत्रं

हे काम एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. मेमध्ये गुरुजी आपापल्या गावी जातात आणि किल्ली कुणाकडे आहे हे शोधण्यातच आठवडा जातो.

लागणारे कागद:

- मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज. त्यात तारखा, वेळ, कोणत्या खोल्या हव्यात आणि जबाबदार कोण, हे स्पष्ट लिहा.
- शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाची नक्कल.
- त्याच अर्जाची प्रत केंद्रप्रमुखांना आणि गटशिक्षणाधिकारी कार्यालयाला. दोन्हीकडून पोच घ्या.
- पाणी आणि स्वच्छतागृहासाठी ग्रामपंचायतीला पत्र.
- प्रत्येक पालकाचं सही केलेलं संमतीपत्र. त्यात मुलाची ॲलर्जी, चालू औषधं, फिट येते का, दोन फोन नंबर आणि फोटो काढायला परवानगी आहे की नाही, हे रकाने हवेत.
- मदतनीसांची यादी आणि प्रत्येकाच्या ओळखपत्राची झेरॉक्स.
- हजेरीपट आणि खर्चाची वही.

तोंडी होकारावर विसंबू नका. एका वर्षी आम्ही "करा हो, आपलीच शाळा" एवढ्यावर सुरू केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दाराला नवं कुलूप होतं आणि पंचवीस मुलं पिंपळाखाली बसून होती. चूक आमची होती, कारण दाखवायला एकही कागद नव्हता.

शाळा व्यवस्थापन समितीला केवळ सहीपुरतं धरू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. त्यांच्या बैठकीत जाऊन दहा मिनिटं बोला, जमलं तर एखादी वस्तू करून दाखवा. ठराव तर मिळतोच, पण खोल्या झाडायला, माठ आणायला, नाश्ता करायला माणसंही तिथेच भेटतात.

४. शिकवायला कोण?

मी विज्ञानाची पदवीधर नाही. गावात शिकवणारी माणसं भरपूर आहेत, त्यांना शिक्षक म्हणून कुणी बोलवत नाही एवढंच. आमच्याकडे गवंडीकाका, सायकल-पंक्चरवाले, एक मोटर वाइंडिंग करणारा मुलगा आणि शिवणकाम करणाऱ्या वहिनी येतात. प्रत्येकाचा एकेक दिवस. त्यांची रोजी बुडते, तेव्हा मानधन द्या आणि ते मुलांसमोर, नमस्कार करून द्या. भाषण करायला सांगू नका. "तुमचं सामान घेऊन या आणि रोज करता तेच करा," एवढंच सांगा.

कॉलेजात जाणारी दोन-तीन मुलं-मुली मदतीला घ्या. मोठ्यांपैकी किमान एक बाई रोज हजर हवी. कुठल्याही मुलाबरोबर एकटं मोठं माणूस बंद खोलीत थांबणार नाही, हा नियम पहिल्या बैठकीत सगळ्यांना मोकळेपणाने सांगा, त्यात अवघडण्यासारखं काही नाही. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा आणि तो कशासाठी असतो तेही मुलांना सांगा.

५. सामान

तयार "विज्ञान किट" घेऊ नका. आम्ही एकदा मागवले होते. निम्म्यांतले सेल उतरलेले, आणि वस्तू तुटली की तिचा तुकडा गावात कुठेच मिळेना. तालुक्याच्या बाजारात जे मिळतं त्यातूनच करा, म्हणजे मूल घरी जाऊन पुन्हा करू शकतं.

पंचवीस मुलांसाठी आमची यादी अशी:

- लाकडी काड्यांच्या काडेपेट्यांचं मोठं पाकीट (मेणाच्या काड्या वाकतात, त्या नकोत)
- सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब (व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी)
- वाइंडिंगची तांब्याची तार, २२ गेजची, प्रत्येकी दीड मीटर
- टॉर्चचे मोठे सेल, सेफ्टी पिना, जुन्या ट्यूबचे कापलेले रबर
- जुन्या स्पीकरमधली लोहचुंबकं, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून
- दाभण, जाड दोरा, मेण
- मागच्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं
- सरळ अंगाच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या
- सुतळी, फूटपट्ट्या, मोजटेप
- पकडी, स्क्रू ड्रायव्हर, हातोड्या, पॉलिश पेपर. हे विकत घेऊ नका, गावातून मागून आणा आणि प्रत्येकावर मालकाच्या नावाची चिकटपट्टी लावा

बटणाएवढी चकचकीत ताकदवान चुंबकं आणि घड्याळाचे छोटे सेल शिबिरात आणूच नका. धाकटं भावंड ते गिळू शकतं आणि तो प्रकार जिवावर बेततो.

आदल्या संध्याकाळी प्रत्येक मुलाचं सामान मोजून कागदी पिशवीत भरून ठेवा. हे काम कंटाळवाणं असतं, पण ते टाळलं की सकाळचा पाऊण तास "मला तार नाही, मला सेल नाही" यात जातो.

६. बारा दिवसांत काय घ्यायचं

दिवसाला एकच गोष्ट. तीन तास खूप वाटतात, पण मूल स्वतः करायला लागलं की ते पुरत नाहीत. आमच्या बारापैकी जे दिवस दरवर्षी चांगले जातात तेच इथे सांगते.

पहिला दिवस, वही. जुन्या वह्यांची कोरी पानं फाडून, दुमडून, दाभणाने भोकं पाडून मुलं स्वतःची वही शिवतात. पुढचे अकरा दिवस याच वहीत चित्रं आणि आकडे येतात. विकतची वही दिली होती त्या वर्षी मुलं ती विसरून यायची. स्वतः शिवलेली सहसा विसरत नाहीत.

काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूब. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात सोळा शाळांमधून हाताने करून शिकायचं विज्ञान सुरू झालं. पुढे त्या कामात गेलेल्या अरविंद गुप्ता यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबने काड्या जोडायची युक्ती देशभर पोचवली. काडीचा गूल खरवडून टाकायचा (हे काम मोठ्यांनी आदल्या दिवशी, ओल्या फडक्यावर करायचं), ट्यूबचे दीड सेंटिमीटरचे तुकडे करायचे आणि दोन्ही बाजूंनी काड्या खोचायच्या. तिसरी काडी जोडायला तुकड्याला मधोमध बाभळीच्या काट्याने भोक पाडा.

आधी त्रिकोण करायला सांगा, मग चौकोन. आता दोन्ही बोटांनी दाबायला सांगा. त्रिकोण हलत नाही, चौकोन कलंडतो. "चौकोन पक्का करायला काय कराल?" असा प्रश्न टाका आणि गप्प बसा. कुणी तरी तिरकी काडी घालतंच. मग सगळ्यांना बाहेर नेऊन पत्र्याच्या शेडची कैची, म्हणजे पत्रे पेलणारा लोखंडी सांगाडा, दाखवा. वर बघून "अय्या, सगळे त्रिकोणच!" असं कुणी ओरडलं की बाकीची मुलं बोट दाखवत मोजायला लागतात.

गवंड्याचा दिवस. माझा सगळ्यात आवडता. गवंडीकाका ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन), गुण्या (काटकोन बघायची पट्टी), पाणसळ (सपाटी बघायची पट्टी) आणि पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन येतात. शाळेचा व्हरांडा सपाट आहे का, असं विचारलं की मुलं एका सुरात हो म्हणतात. मग नळीचं एक टोक भिंतीशी, दुसरं पायरीशी. दोन्हीकडे पाण्याच्या पातळीवर खडूची खूण. खुणेपासून फरशीपर्यंत मोजलं तर पायरीकडे तीन सेंटिमीटर जास्त भरलं. मुलांना वाटलं, बांधकाम चुकलं. काका म्हणाले, "चुकलं न्हाय बाळा, ढाळ दिलाय. न्हायतर पावसाचं पाणी वर्गात." त्यानंतर दोन दिवस गावातल्या प्रत्येक ओट्याचा ढाळ मोजला गेला. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकतं, तेवढं आधी पाहा.

याच दिवशी काका जमिनीवर सुतळीने काटकोन काढून दाखवतात. एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट, मधली तिरकी सुतळी पाच फूट भरेपर्यंत सरकवायची. सातवीच्या पुस्तकातला पायथागोरस तिथेच अंगणात भेटतो. मी फक्त वहीत ९, १६ आणि २५ एवढंच लिहायला सांगते. बाकीचं त्यांचं ती जुळवतात.

शून्य सावलीचा दिवस. महाराष्ट्रात मे महिन्यात शिबिर घेण्याचा हा खास फायदा. आपलं सगळं राज्य कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. दुसरी वेळ पावसाळ्यात ढगांत जाते, म्हणून मे सोडू नका. कोल्हापूरला साधारण ६ मे, आमच्याकडे १० मे, पुण्याला १४, मुंबईला १५-१६, नाशिकला २०, नागपूरला २६. एखादा दिवस मागेपुढे धरा.

आधीचे चार दिवस मुलं घरी अंगणात काठी रोवून दुपारची सावली मोजतात आणि वहीत लिहितात. काठी ओळंब्याने सरळ उभी करायची. गवंड्याचा दिवस आधी ठेवायचा तो यासाठीच. इथे फसायला होतं ते वेळेत. सगळे बरोबर बाराला बाहेर येतात आणि सावली दिसते म्हणून हिरमुसून आत जातात. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्तावरची आहे. आमचं गाव त्याच्या सुमारे आठ अंश पश्चिमेला, आणि अंशाला चार मिनिटं, म्हणजे आमची खरी दुपार १२ वाजून ३२ मिनिटांच्या आसपास. त्यातून मेमध्ये ती तीन-चार मिनिटं आधीच येते, कारण पृथ्वीची सूर्याभोवतीची गती वर्षभर सारखी नसते आणि तिचा आसही कललेला आहे. सव्वाबारापासून तयार राहा.

एवढ्या उन्हात मुलांना शाळेत बोलावू नका. प्रत्येकाने आपापल्या अंगणात सरळ बाटली ठेवायची, टोपी घालायची, सूर्याकडे बघायचं नाही, आणि पाच मिनिटांत सावलीला परत. दुसऱ्या दिवशी वह्या जोडून बघायच्या. मागच्या वर्षी एका मुलाने लिहिलं होतं, "१२.२९ ला बाटलीची सावली बाटलीच्या खाली लपली. आज्जीला बोलावलं. आज्जी म्हणाली, सत्तर वर्षं झाली, बघितलंच न्हवतं."

मोटर. याला दोन दिवस द्या. सेलवर तारेचे दहा-बारा वेढे घालून गोल कडं करायचं आणि दोन टोकं समोरासमोर बाहेर काढायची. सेलच्या दोन्ही टोकांना सेफ्टी पिना रबराने आवळायच्या, सेलवर लोहचुंबक ठेवायचं, कड्याची टोकं पिनांच्या डोळ्यांत घालायची आणि बोटाने हलका धक्का द्यायचा. सगळी मेख तारेवरचं वार्निश खरवडण्यात आहे. एका टोकाचं वार्निश सगळीकडून काढायचं, दुसऱ्याचं फक्त अर्ध्या बाजूचं. दोन्ही पूर्ण काढली तर कडं नुसतं डुलतं, फिरत नाही. वार्निश तारेच्याच रंगाचं असल्याने ते निघालं की नाही हे डोळ्यांना कळत नाही. पॉलिश पेपर मारल्यावर रंग उजळ होतो, ती खूण. कडं थांबलेलं असताना सेलला लावून ठेवलं तर तार तापते आणि सेल लवकर उतरतो, हे आधी सांगा.

खोलाखोलीचा दिवस. बंद पडलेला मिक्सर, टेबल फॅन, भिंतीवरचं घड्याळ, रेडिओ, शिलाई मशीन. वायर आधी मुळापासून कापून टाका, म्हणजे कुणी प्लगमध्ये घालून बघणार नाही. डबा टीव्ही, मायक्रोवेव्ह, इन्व्हर्टर, सीएफएल दिवे आणि मोबाइलच्या बॅटऱ्या या दिवशी खोलीतच नकोत. टीव्ही आणि मायक्रोवेव्ह बंद असले तरी आत जोराचा झटका देण्याइतकी वीज राहू शकते. प्रत्येक स्क्रू काढला की वहीत चित्र काढून तिथे त्याची जागा दाखवायची, ही अट घाला. नाहीतर तो दिवस मोडतोडीचा होतो.

पर्जन्यमापक. हा शेवटून दुसरा दिवस. बाटली खांद्याशी कापून वरचा भाग उलटा नरसाळ्यासारखा बसवायचा. बुडाशी बाटली वेडीवाकडी असते, म्हणून तिथे खडे आणि पाणी घालून सरळ भाग सुरू होतो तिथे शून्याची रेघ मारायची. वर मिलिमीटरची पट्टी चिकटवायची. मग हिशेब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचं छप्पर मुलांनी टेपने मोजलं, ते जवळपास शंभर चौरस मीटर भरलं. म्हणजे १०० मिलिमीटर पावसात त्यावर दहा हजार लिटर पाणी पडतं. आमच्या गावात दहा हजार लिटर म्हणजे काय, हे मुलांना समजावून सांगावं लागत नाही. तो एक टँकर असतो, आणि उन्हाळ्यात त्याच्यामागे ती स्वतः कळशी घेऊन धावलेली असतात.

आणखी कल्पना हव्या असतील तर अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठीतही भरपूर साहित्य फुकट आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या शाखा अनेक गावांत आहेत, तिथे विचारा. आणि शक्य असेल तर शिरूर तालुक्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम एकदा बघून या. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो १९८३ साली सुरू केला. मुलं हातात खऱ्या कामाची हत्यारं घेऊन शिकतात, ते तिथे बघायला मिळतं.

७. मूल काम करत असताना आपण काय करायचं

हात मागे बांधून उभं राहायचं. मला हेच सगळ्यात अवघड गेलं.

सहावीतल्या एका मुलीची मोटर फिरत नव्हती. आजूबाजूच्या सगळ्यांच्या फिरत होत्या. तिचे डोळे भरून आलेले मला दिसत होते. पुढे होऊन तार खरवडून द्यायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी तिच्याजवळ बसले आणि फक्त विचारलं, "वीज कुठून कुठून जाते, बोटाने दाखव." तिने सेलपासून पिनेपर्यंत बोट फिरवलं, पिनेवरून तारेवर आणलं आणि तिथेच थांबली. तारेचं टोक डोळ्यांजवळ नेलं. "हितं अजून लाल हाय," म्हणाली, आणि पॉलिश पेपर उचलला. सगळं मिळून वीस मिनिटं गेली असतील. कडं फिरलं तेव्हा ती ओरडली नाही. शिबिर सुटेपर्यंत ते फिरवत बसली होती.

मदतनीसांना पहिल्या दिवशीच सांगून ठेवा, मुलाच्या हातातली वस्तू आपल्या हातात घ्यायची नाही. दाखवायचंच असेल तर आपला वेगळा संच घ्या आणि त्यावर दाखवा. पालक बघायला येतात तेव्हा त्यांनाही हे नम्रपणे सांगावं लागतं. वडिलांना तर दोनदा.

आणि नंबर काढू नका. उत्तम मोटर, उत्तम वही असली बक्षिसं ठेवली की मुलं एकमेकांना सांगायची बंद होतात.

८. ऊन, पाणी, जखमा

 शिबिर सुरू व्हायच्या दोन दिवस आधी खोल्या उघडून, बाकं हलवून, कोपरे काठीने झाडून घ्या. सापा-विंचवांचे दिवस असतात. सर्पदंशावरचं इंजेक्शन जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात आहे हे आधीच विचारून, तो नंबर आणि रुग्णवाहिकेचा १०८ फळ्यावर लिहून ठेवा. चावलं तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. मुलाला चालू न देता थेट दवाखान्यात न्यायचं.

पाण्याचे दोन माठ, वेगळा ओगराळा. दर पाऊण तासाला सगळ्यांनी पाणी प्यायचं, तहान लागो न लागो. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि त्याच चमच्याने अर्धा चमचा मीठ, असं पाणी करून ठेवा. प्रथमोपचार पेटीत चिकटपट्ट्या, जंतुनाशक, कापूस, भाजल्यावरचं मलम आणि चिमटा असू द्या. बोटाला ब्लेड लागणं हे रोजचंच आहे. ते लपवू नका, मूल घरी पोचायच्या आधी पालकांना फोन करा.

नाश्ता साडेआठला. मटकीची उसळ, शेंगदाण्याचा लाडू, केळी, ताक. शेंगदाणा कुणाला चालत नाही ते संमतीपत्रात पाहून ठेवा.

९. पैसे

मागच्या वर्षी आमचे साधारण साडेनऊ हजार रुपये लागले. त्यातले निम्म्याहून जास्त नाश्त्यावर, मग मानधन, आणि सामानाला सगळ्यात कमी. आम्ही मुलामागे शंभर रुपये घेतो आणि ज्यांना जमत नाही त्यांच्याकडून घेत नाही, पण ती यादी माझ्याशिवाय कुणी बघत नाही. बाकी धान्य, गूळ, शेंगदाणे गावातूनच येतात. कुणी जास्त देऊ केलं तरी पावती द्या आणि शेवटी खर्चाचा कागद शाळेच्या भिंतीवर लावा.

बॅनर छापू नका. उद्घाटनही नको. पाहुण्यांची वाट बघण्यात आमची एक अख्खी सकाळ गेली होती, आणि सकाळी साडेसातला आलेली मुलं दहा वाजता भाषण ऐकत होती.

१०. शेवटचा दिवस आणि त्यानंतर

शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाच ते सात प्रदर्शन. टेबलामागे मूल उभं राहणार आणि तेच सांगणार, मोठ्यांपैकी कुणी समजावून सांगायला पुढे जायचं नाही. संध्याकाळची वेळ यासाठी, की शेतावरून आलेले बाप आणि मजुरीवरून आलेल्या आया येऊ शकतात. प्रमाणपत्रं आम्ही देत नाही. शिवलेली वही असतेच.

दुसऱ्या दिवशी मागून आणलेली हत्यारं नावं बघून घरोघरी परत करा. खोल्या झाडून, बाकं होती तशी लावून, मोडलेल्या वस्तूंची आणि भरपाईची नोंद करून किल्ली मुख्याध्यापकांच्या हातात द्या आणि तशी सही घ्या. उरलेली तार, ट्यूब, चुंबकं खोक्यात भरून शाळेलाच द्या.

पर्जन्यमापक मात्र शाळेच्या गच्चीवर कायमचा बसवा, झाडापासून आणि भिंतीपासून लांब. दोन मुलांना सकाळी साडेआठची पाळी वाटून द्या आणि नोंदवही मुख्याध्यापकांच्या खोलीत खिळ्याला टांगा. आमच्याकडे पहिल्या वर्षाची वही १५ जूनला शाळा उघडताना सुरू झाली, आणि आता पाचवी चालू आहे.